ताकदीच्या गोळ्या

मनाच्या आजारांची आमची खोली सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागाच्या मागे होती. त्यामुळे इतवारा पेठेतले एक मिठाईवाले शेठजी आमच्याकडे यायचे ते उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. डोळा अगदी ठणठणीत. घरापासून दवाखान्यापर्यंत पट्टी, आमच्या दारात आल्यावर पट्टी खिशात, गोळ्या घेतल्या की पट्टी पुन्हा डोळ्यावर. एकदा घाईघाईत डाव्या डोळ्यावर बांधून निघाले, तेव्हा मी मागून हाक मारली, "शेठजी, गेल्या महिन्यात उजवा होता!" ते काही हसले नाहीत. मला मात्र हसू आलं, आणि मग लगेच चीडही आली. माणसाला झोप लागत नाही, छाती धडधडते, दुकानात बसवत नाही, एवढ्याचं औषध घ्यायला त्याने चांगला डोळा झाकून यायचं? कसली ही लाज?

मी नर्स. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचीच. बाळंतपणाच्या वॉर्डात सुखाने काम करत होते, तिथून मला उचलून या खोलीत बसवलं. का, तर दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. महिनाभर मोठ्या शहरात नेऊन शिकवलं आणि परत आणून सोडलं. आमची तुकडी म्हणजे चार माणसं: गुरुवारी बाहेरून येणारे एक डॉक्टर, मी, घरोघर जाणारा एक समाजसेवक आणि एक गाडीवाला. बाकीचे दिवस आम्ही गावोगाव फिरायचो. ज्या गावचा बाजार ज्या दिवशी, त्या दिवशी तिथे गाडी. बाजाराच्या गर्दीत कोण कुठे शिरलं ते कळत नाही, म्हणून माणसं यायची.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही पिसाळलेल्या माणसांना धरून बांधून सुया टोचत असू. छे हो! माझं निम्मं काम गप्पांचं. झोप किती लागते? जेवण जातं का? हात थरथरतात का? पाणी भरायला विहिरीवर जाते का, की घरातूनच बाहेर पडत नाही? ही उत्तरं ऐकली की मला समजायचं, गोळी पोटात जातेय की उकिरड्यावर. या आजारांत बहुतेकदा पहिले सहा महिने घरचे काळजीने औषध देतात. मग माणूस बरा दिसायला लागतो, आणि बरं दिसलं की गोळी बंद करतात. ती बंद होऊ न देणं, हेच आमचं खरं काम. त्यात कुठे मोठी विद्या नाही, चिकाटी आहे.

आणि एक रजिस्टर होतं. त्यात नाव, वय, गाव, आणि शेवटी 'रोग' असा रकाना.

पहिल्याच आठवड्यात लोधीपुऱ्यातले एक मास्तर आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी दिवसातून पन्नास वेळा हात धुवायची, सालपटं निघाली होती हातांची. डॉक्टरांनी तपासलं, मी रजिस्टर उघडलं, तर मास्तरांनी माझ्या पेनावर हातच ठेवला. "सिस्टर, हे लिहू नका. पोरीचं लग्न व्हायचंय. रजिस्टर दहा जण बघतात." खरंच बघायचे. दवाखान्याचा शिपाई लोधीपुऱ्यातलाच होता. मी त्या बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि रकान्यात लिहिलं: अशक्तपणा.

त्याने हात जोडले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! दिवसभर मी स्वतःवर खूष.

मग सगळ्यांचंच अशक्तपणा. कोणी रडत असेल, कोणाला आवाज ऐकू येत असतील, कोणी नदीवर जीव द्यायला गेलं असेल, माझ्या रजिस्टरात सगळे अशक्त. खरं काय ते मी घरच्या वहीत लिहून ठेवायची, गोळी आणि मात्रा देताना चूक होऊ नये म्हणून. डॉक्टरांना माहीत होतं; गोळ्याही तेच आपल्या मोठ्या दवाखान्यातून घेऊन यायचे. तेही म्हणायचे, सिस्टर, तुम्ही माणसं ओळखता. गावात माझं नाव झालं. देवमाणूस आहे बाई, पोटात ठेवते, असं म्हणायचे लोक. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आता सुमनचं सांगते, कारण बाकी सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

चांदनी स्टेशनाच्या पलीकडे तिचं गाव. घरी केळीचा बगीचा. शेवटच्या बाळंतपणानंतर महिन्याभरात तिला आवाज ऐकू यायला लागले. बाळाला दूध पाजू नको, त्यात विष आहे, असं कोणीतरी कानात सांगायचं. ती बाळाला खाटेवर टाकून बगीच्यात जाऊन बसायची, दोन दोन दिवस उपाशी. सासू गोदाबाई. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. तिने आधी सगळं करून पाहिलं, अंगारे, धुपारे, नवस, आणि शेवटी चेहरा पदराने झाकून बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीपाशी आली. बाळ तिनेच बकरीच्या दुधावर जगवलं होतं, हेही सांगते. सुनेला हाकला म्हणणारे नातेवाईक होते, तिने हाकललं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत सुमन सुमन झाली. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला लागली, मजुरांवर ओरडायला लागली, बाळाला अंगाखांद्यावर घ्यायला लागली. गोदाबाई मला म्हणाली, "सिस्टरबाई, एक ऐक. तिले सांगू नको हे कशाचं औषध आहे ते. घाबरीन. बाळंतपणाचा अशक्तपणा आहे म्हणून सांगू. ताकदीच्या गोळ्या."

मी म्हणाले, बरं.

एवढंच. दोन बायकांनी केळीच्या बांधावर उभं राहून तिसरीचं ठरवून टाकलं. सुमनने नऊ वर्षं रोज संध्याकाळी त्या पांढऱ्या गोळ्या घेतल्या, ताकदीच्या म्हणून. आणि नऊ वर्षं ती चांगली राहिली.

मग आलं एकीकरण, म्हणजे आमचं काम साध्या आरोग्य केंद्रांत मिसळायची सरकारी योजना.

कागदावर ते इतकं चांगलं होतं की त्याच्या प्रशिक्षणाला मीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मनाचा आजार हा इतर आजारांसारखाच, मग त्याला मागची वेगळी खोली कशाला? ताप, खोकला, साखर, रक्तदाब यांच्याच रांगेत हेही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळेल, लोकांना लांब यावं लागणार नाही. यात खोट काढायला जागा नाही, आणि मी आजही काढत नाही. खोट होती ती करण्यात. आधी गाडी बंद झाली. मग गुरुवारचे डॉक्टर बदलून गेले. समाजसेवकाला दुसऱ्या कामाला लावलं आणि मला लसीकरणात टाकलं. आमच्या रजिस्टरातली नावं त्या त्या केंद्राला पाठवून दिली आणि झालं म्हणे एकीकरण. दोन घरं एकत्र करायची म्हणून एक घर पाडून टाकावं आणि दुसऱ्यात खोली बांधायचं विसरून जावं, असा तो प्रकार. प्रशिक्षणात कोणी एवढं विचारलं नाही की केंद्रातल्या ज्या माणसाने आयुष्यात या गोळ्यांची नावं ऐकली नाहीत तो त्या देणार कसा. मीही विचारलं नाही. बिस्किटं खाल्ली आणि घरी आले.

चार-पाच महिने गेले असतील. गोदाबाईच्या मुलाचा, म्हणजे सुमनच्या नवऱ्याचा फोन आला. "सिस्टरताई, हिचं बिघडलं. आई म्हणते या."

मी सुट्टी टाकून गेले. सुमन मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. तीन रात्री झोपली नव्हती. मला बघून म्हणाली, "सिस्टरताई, पाण्यात कोणीतरी काही टाकतं. तुम्ही पिऊ नका." म्हणजे त्या हालतीतही तिला माझी काळजी! मी विचारलं, गोळ्या बंद केल्यास का? तिला राग आला. उठून आत गेली, कोनाड्यातली डबी आणली आणि माझ्या पुढ्यात उपडी केली. सगळी रिकामी पाकिटं. एकही गोळी शिल्लक नाही, एकही दिवस चुकलेला नाही.

मी एक पाकीट उचललं. लोहाच्या गोळ्या. रक्त वाढवायच्या, लाल.

माय गं! बसल्या जागी सगळं लक्षात आलं. केंद्राच्या कंपाउंडरने आमच्या रजिस्टरात पाहिलं, सुमन, रोग अशक्तपणा. अशक्तपणाला काय देतात? लोह. त्याने दिलं. त्याची काय चूक? तो बिचारा वाचून वागला. आणि औषध पुरवणाऱ्यांनी मागच्या वर्षांचे तक्ते पाहिले. मनाचे रुग्ण: शून्य. अशक्तपणाचे: भरपूर. म्हणून केंद्रात लोहाची खोकी छताला लागली होती आणि सुमनच्या खऱ्या गोळीचं एक पाकीट नव्हतं. ते सगळे तक्ते माझ्या अक्षरातले होते.

एका ओळखीच्या डॉक्टरांच्या हातापाया पडून मी सुमनची चार आठवड्यांची सोय केली. पण पुढे काय? आणि बाकीच्यांचं काय? वहीतली चाळीसएक घरं होती, तीही लोहच खात बसली होती.

वही घेऊन मी वरच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी तक्ता काढला आणि माझ्याकडे वळवला. "सिस्टर, आपके इलाके में तो मानसिक रोगी हैं ही नहीं. ये देखिए, शून्य. बड़ी अच्छी बात है."

"साहेब, ते शून्य मी लिहिलंय. खोटं आहे ते. ही माझी वही बघा."

त्यांनी वहीला हातसुद्धा लावला नाही. "घर की कॉपी सरकारी काग़ज़ नहीं होती. मरीज़ ख़ुद आएँ, केंद्र में पंजीयन कराएँ, रोग का नाम लिखा जाए, तब माँग भेजूँगा."

"आणि तोवर त्यांनी काय करायचं?"

"तब तक तो आपने ही लिखा है न, कमज़ोरी. आयरन चलने दीजिए."

हे ते चहा पीत म्हणाले हो! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की टेबलावरचा तो तक्ता फाडून टाकावा. एका माणसालाही वाटू नये, की एवढ्या मोठ्या इलाक्यात एकही मन आजारी नाही हे कसं शक्य आहे? वर्षानुवर्षं शून्य येतंय, तर एकदा जाऊन बघावं? शून्य सगळ्यांनाच सोयीचं होतं. मी काही फाडलं नाही. नोकरी होती. खाली उतरले आणि सायकल स्टँडपाशी उभी राहून रडले. आणि रडता रडता मला हेही कळत होतं, की माणूस उद्धट असला तरी त्याने म्हटलेलं शेवटचं वाक्य खोटं नाही.

मग मी दारोदार फिरले. मंगळवारी केंद्रात या, नाव लिहा, रोगाचं खरं नाव लिहा, नाहीतर औषध येणार नाही. मिठाईवाले शेठजी दुकानात होते. चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाले, "सिस्टर, मेरा तो आँख का इलाज चल रहा है. ग़लत जगह आ गईं आप." लोधीपुऱ्यातल्या मास्तरांनी दार अर्धंच उघडलं. मुलीचं लग्न होऊन ती सासरी होती, तिला गोळ्या माहेरून जायच्या. म्हणाले, "तुम्हीच तर म्हणाला होतात, पोटात ठेवीन. आता चव्हाट्यावर आणता?" आणि दार लावून घेतलं. असंच सगळीकडे. कोणी चहा पाजून नाही म्हणालं, कोणी न पाजता. काय राग आला मला त्या लोकांचा! घरच्या माणसाचा जीव जातोय आणि यांना अब्रू पडलीय! पण घरी येऊन चपला काढताना मला प्रश्न पडला, की यांना लपवायला शिकवलं कोणी? पहिल्या दिवशी मास्तरांना मी म्हणाले असते, की यात लाजण्यासारखं काही नाही, मी खरं लिहिणार, तर फार तर एक माणूस परत गेला असता. मी तर सरकारी शाईने त्यांच्या लाजेवर शिक्का मारला.

गोदाबाईनेही नाहीच म्हटलं. सुमनच्या मोठ्या मुलीची, कविताची सोयरीक रावेरकडच्या एका घरात ठरत आली होती. "एवढं लग्न होऊ दे, मग तू म्हणशीन तिथे अंगठा देते," म्हणाली. "रावेरवाल्याईले कळलं तं पोरीचं वाटोळं होईन."

"आणि औषध संपलं तर सुमनचं काय होईल?"

ती उठून आत गेली. मी चिडून निघून आले.

मंगळवारी मी रजा घेऊन केंद्रात जाऊन बसले. कोणी येणार नाही हे माहीत होतं, तरी बसले. अकरा वाजता दारात टेम्पो थांबला. केळीची पानं भरलेला. पुढे ड्रायव्हरशेजारी गोदाबाई आणि सुमन. सुमन गोळ्यांनी थोडी सावरली होती, पण पावलं अडखळत होती. गोदाबाईच्या डोक्यावर पदर होता, चेहऱ्यावर नव्हता.

रांग मोठी. तापाची पोरं, म्हाताऱ्या, गावातलीच माणसं पुढेमागे. नोंदणीच्या खिडकीपाशी नंबर आला आणि बाबूने खड्या आवाजात विचारलं, "काय तकलीफ आहे?"

गोदाबाई त्याच्यापेक्षा खड्या आवाजात म्हणाली, "डोक्याचा आजार आहे माझ्या सुनेले. नऊ वर्षं झाली. आवाज ऐकू येतात तिले. अशक्तपणा लिहिलेला आहे तो खोटा आहे. खोड तो आणि नीट लिही."

रांगेतल्या माना वळल्या. बाबूने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्याने लिहिलं. आजवर एवढ्या डॉक्टरांबरोबर काम केलं, पण त्या दिवशीच्या गोदाबाईएवढं धाडस मी कोणात पाहिलं नाही. तिचे हात धरावेत म्हणून मी पुढे झाले, तेव्हा माझं लक्ष सुमनकडे गेलं. ती गोदाबाईकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, एकटक.

औषध यायला त्यानंतरही पाच आठवडे गेले. मधल्या काळात तिची सोय करायला मला काय काय लाचारी करावी लागली ते लिहीत नाही. पण आलं. गोदाबाईचं पाहून आणखी काही घरं आली, काही आलीच नाहीत. शेठजी आले नाहीत. मास्तर एकटेच आले आणि मुलीचं नाव लिहून गेले. तक्त्यात पहिल्यांदा शून्य नव्हतं. साहेबांनी मला कारणे दाखवा नोटीस काढली, रोग अचानक कसे वाढले म्हणून! मी उत्तर दिलं, वाढले नाहीत, सापडले. त्यावर पुढे काही झालं नाही. होणार काय?

रावेरची सोयरीक मोडली. निरोप आला, मुलाला इतक्यात करायचं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं.

मी भेटायला गेले ती मनात माफी घेऊन. गोदाबाईची माफी मागायची, कविताची मागायची, असं ठरवलं होतं. सुमन आता बरी होती. अंगणात केळीची वेफर्स तळत होती. मला बसायला खाट टाकली, पाणी दिलं, आणि गोदाबाई बोलायला लागली तशी तिला हाताने थांबवलं. नऊ वर्षांत मी तिला सासूला थांबवताना पाहिलं नव्हतं.

"सिस्टरताई, माझ्या आजाराचं नाव काय आहे?"

मी सांगितलं. स्किझोफ्रेनिया. तिने म्हणून पाहिलं, जमलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. मग गोळीचं नाव विचारलं, तेही दोनदा म्हणून घेतलं. कविता आतून वही घेऊन आली होती, तिने दोन्ही लिहून घेतलं.

"बाई, मी आणि सिस्टरने तुझ्या भल्यासाठीच..." गोदाबाई म्हणाली.

"मले माहीत आहे आत्याबाई. तुम्ही नसत्या तं मी जगली नसती." सुमनने कढई खाली उतरवली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मी वेडी होती तेव्हा नाही सांगितलं, समजलं. पण नऊ वर्षं मी शहाणी होती ना? मजुराईचा हिशेब मी करते, पोराईची शाळा मी पाहते. गोळी पांढऱ्याची लाल झाली तेव्हा मी त्या कंपाउंडरले विचारलं होतं. दादा, ह्या त्याच आहेत का? तो म्हणे हो, ताकदीच्याच आहेत. मी विश्वास ठेवला आणि खाल्ल्या. मले गोळीचं नाव माहीत असतं तं मी नाव घेऊन विचारलं असतं."